कोरड्या हवेतील ठिणगी : घरगुती उपाय आणि त्यांची मर्यादा

कार्तिकी पौर्णिमा उलटून चातुर्मास संपला की नाशिकची हवा पालटू लागते. पहाटे गोदाकाठी झोंबणारा गारवा, निफाडच्या घसरत्या पाऱ्याची वर्तमानपत्रांतील बातमी आणि दुपारी स्वच्छ, कोरडे ऊन, असे हे तीन-चार महिने असतात. याच दिवसांत अंबड, सिडको, सातपूर या भागांतील घरांतून आणि दुकानांतून एक किरकोळ तक्रार ऐकू येऊ लागते. फिरत्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला की बोटाला चटका बसतो. स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि अंधार असेल तर बारीक ठिणग्याही दिसतात. पॉलिस्टरची साडी घडी घालताना हाताला चिकटते. संगणकाच्या पडद्यावरची आज पुसलेली धूळ उद्या पुन्हा तेथेच बसलेली असते.

तक्रार किरकोळ असल्यामुळे तिच्यावरचे उपायही किरकोळ समजुतीने केले जातात. कोणी कपडे मऊ करणारे द्रव पाण्यात मिसळून फवारण्यास सांगतो, कोणी साबणाचे पाणी, कोणी अ‍ॅल्युमिनियमचा कागद. यांतील काही उपाय शास्त्राला धरून आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक-दोन जिवावर बेतणारे आहेत. आज किराणा दुकानापासून कापडाच्या पेढीपर्यंत प्रत्येक गल्ल्यावर संगणक, इलेक्ट्रॉनिक तराजू, बिलाचे छपाईयंत्र, नोटा मोजण्याचे यंत्र आणि कॅमेऱ्यांची पेटी असते. हिशेबाची संपूर्ण वही त्या यंत्रांच्या पोटात असते. म्हणून या ठिणगीचे स्वरूप एकदा नीट समजून घेणे व्यापारी कुटुंबाच्या हिताचे आहे.

ठिणगीची द्विनोंदी पद्धत

दोन वस्तू एकमेकींना लागून विलग झाल्या की एकीवरील काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्यावर ते अधिक झाले ती ऋण प्रभारित होते आणि जिच्यावरून गेले ती धन प्रभारित होते. घासण्याने हा व्यवहार वाढतो. येथे नवीन काही निर्माण होत नाही. एकाच्या खात्यावर जे जमा होते तेच दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते. पेढीवर बसणाऱ्याला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. सृष्टीने ही द्विनोंदी पद्धत माणसाच्या कितीतरी आधीपासून बिनचूक चालविली आहे.

हे ज्ञान जुनेच आहे. अंबर नावाच्या जीवाश्म राळेला संस्कृतात तृणमणी म्हटले जाते, कारण घासलेला अंबर गवताची काडी स्वतःकडे ओढतो. फारसी भाषेतील कहरुबा या नावाचा अर्थही काडी पळविणारा असाच आहे. ग्रीक लोक अंबराला इलेक्ट्रॉन म्हणत. इ. स. १६०० मध्ये इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी चुंबकत्वावरील आपल्या ग्रंथात त्या शब्दावरून या आकर्षणाला नाव दिले आणि पुढे त्यातूनच वीज या अर्थाचा इंग्रजी शब्द रूढ झाला. म्हणजे आज घराघरांत मीटरवर मोजल्या जाणाऱ्या विजेचे पाश्चात्त्य नाव या घासण्यातून उपजणाऱ्या स्थितिक विजेवरूनच आले आहे.

जमा झालेला प्रभार वाहून जाण्यास वाट मिळाली तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. वाट मिळाली नाही तर तो साचत राहतो. प्लॅस्टिक, पॉलिस्टर, रेक्झीन, फोम, रबरी तळव्याची चप्पल हे सर्व पदार्थ ही वाट अडवितात. अशा चपला घालून गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाचे शरीर प्रभाराचे भांडार बनते. मग लोखंडी कपाट, दाराची कडी किंवा दुसऱ्या माणसाचा हात जवळ आला की साचलेले सर्व एका क्षणात रिकामे होते. तोच तो चटका.

हिवाळ्यातच का?

या प्रश्नाचे उत्तर हवेतील ओलाव्यात आहे. हवा दमट असली की प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो आणि त्या थरातून प्रभार हळूहळू पाझरून जातो. कोरड्या हवेत हा थर राहत नाही.

नाशिकची हिवाळी दुपार इतकी कोरडी का असते, हे साध्या हिशेबाने कळते. १० अंश सेल्सिअस तापमानाची हवा एका घनमीटरमागे फार तर साडेनऊ ग्रॅम बाष्प धरू शकते. तीच हवा दुपारी २८ अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती सुमारे सत्तावीस ग्रॅम होते. पहाटे दव पडेपर्यंत हवा भरलेली असली, तरी दुपारी तिच्यातील बाष्प तेवढेच राहते आणि भांडे मात्र जवळजवळ तिप्पट मोठे झालेले असते. त्यामुळे पहाटेची शंभर टक्के सापेक्ष आर्द्रता दुपारी एक-तृतीयांशावर येते. खोलीत वातानुकूलन यंत्र चालू असेल तर ते हवेतील पाणी बाहेर टाकून कोरडेपणात आणखी भर घालते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत वाढलेल्या माणसाला नाशिकच्या थंडीत हा चटका नवा वाटतो, तो यामुळेच.

ओलाव्याने किती फरक पडतो, याचे या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत. सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब साचू शकतो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर तोच दाब १,५०० व्होल्टच्या आसपास राहतो. फोमच्या खुर्चीवरून उठण्याचे हेच आकडे १८,००० आणि १,५०० असे आहेत. टेबलावरची प्लॅस्टिकची पिशवी उचलण्याचे २०,००० आणि १,२०० आहेत.

इतके हजार व्होल्ट ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मानवी शरीर विजेचे फार लहान पात्र आहे. १०,००० व्होल्टपर्यंत प्रभारित झालेल्या शरीरात साठलेली ऊर्जा साधारण पाच सहस्रांश ज्यूल भरते. तराजूतील पन्नास ग्रॅमचे वजन एक सेंटीमीटर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ही होय. निरोगी माणसाला ती बोचते, पण इजा करीत नाही.

मग नुकसान कोणाचे?

नुकसान यंत्राचे होते, आणि तेही न कळत. माणसाला ठिणगी जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. संगणकातील काही नाजूक घटक मात्र शंभर व्होल्टच्या आतच बिघडू शकतात. म्हणजे बोटाला काहीही न जाणवता स्मृतिपट्टी किंवा सर्किटचा बोर्ड निकामी होऊ शकतो. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे अर्धवट दुखापत. आतील अतिसूक्ष्म थराला इजा झालेली असते, पण यंत्र चालू राहते. काही आठवड्यांनी ते मधूनच बंद पडू लागते, नोंदी चुकवू लागते, आणि दोष मात्र वस्तूच्या दर्जाला किंवा दुरुस्ती करणाऱ्याला दिला जातो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आवरण बंद असलेला संगणक, भ्रमणध्वनी किंवा तराजू यांची रचनाच अशी केलेली असते की रोजच्या वापरातील ठिणगी त्यांना सहन व्हावी. पेन ड्राइव्ह खोचताना तिचे धातूचे आवरण आणि भूसंपर्काचा पत्रा आधी टेकतात, माहिती वाहणारे पत्रे मागाहून. ही योजना याचसाठी आहे. खरा धोका झाकण उघडल्यावर सुरू होतो. घरी बसून स्मृतिपट्टी बदलणे, कॅमेऱ्यांच्या पेटीत नवी डिस्क बसविणे, सुटा बोर्ड थर्मोकोलवर ठेवणे किंवा नायलॉनच्या कुंचल्याने आतील धूळ झाडणे, हे ते प्रसंग होत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अंबड वसाहतीत विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तू घडविणारे अनेक उद्योग आहेत. असे बोर्ड जोडण्याच्या कामात जगभर एक शिस्त पाळली जाते. कामगाराच्या मनगटावर पट्टा असतो आणि तो तारेने भूसंपर्काला जोडलेला असतो. टेबलावर व जमिनीवर प्रभार हळूहळू वाहू देणारी चटई असते. तयार बोर्ड चंदेरी पिशवीत जातो. ही पिशवी बाहेरची ठिणगी आत पोहोचू देत नाही. गुलाबी पिशवी स्वतः प्रभार साचू देत नाही, परंतु बाहेरच्या ठिणगीपासून संरक्षण देत नाही. सुटा भाग विकत घेताना तो कोणत्या पिशवीतून येतो एवढे पाहिले तरी विक्रेत्याची काळजी कळते. या शिस्तीत महागडे असे फारसे काही नाही. साचू न देणे, साचले तर सावकाश जाऊ देणे आणि नाजूक वस्तू झाकून ठेवणे, ही तीन तत्त्वे आहेत. घरगुती उपायांची परीक्षाही याच तीन कसोट्यांवर करावी.

घरातील वस्तू आणि त्यांचे मोल

*पाणी.* सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी उपाय हाच. खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर चटक्यांची तक्रार बहुतांशी मिटते. दुपारी ओल्या फडक्याने फरशी पुसणे, खोलीत रुंद तोंडाच्या भांड्यात झाकलेले नसलेले पाणी ठेवण्याऐवजी धुतलेले कपडे आतल्या दोरीवर वाळत घालणे, यांनी ओलावा वाढतो. कपड्यांचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे पाणी लवकर हवेत मिसळते, आणि उघड्या पाण्यात जीवजंतू पडण्याची चिंताही राहत नाही. आर्द्रता दाखविणारे लहानसे मापक भिंतीवर लावले तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. मात्र ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. पावसाळ्यात याच यंत्रांना बुरशी आणि गंज यांचा त्रास होतो, हे विसरू नये.

*सुती कापड.* कापडाच्या व्यापाऱ्याला धाग्याची ओलावा धरण्याची शक्ती व्यवसायाने माहीत असते. प्रमाण हवेत सूत सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते, रेशीम ११ टक्के आणि लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर मात्र अर्धा टक्काही धरत नाही. या एका आकड्यात साडी का चिकटते आणि सुती सदरा का चिकटत नाही याचे उत्तर आहे. सूतगिरण्यांत मुद्दाम हवा दमट ठेवली जाते, तीही धागा तुटू नये आणि प्रभारामुळे तंतू विस्कटू नयेत म्हणून. संगणकासमोरच्या खुर्चीवर सुती खोळ घालावी, पायाखालची प्लॅस्टिकची चटई काढून सुती सतरंजी अंथरावी आणि धूळ पुसण्यास जुन्या सुती धोतराचा किंवा पंचाचा तुकडा घ्यावा. या तीन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही आणि त्यांत धोकाही नाही.

*अनवाणी पाय.* चपला दाराबाहेर काढण्याची आपल्याकडील रीत या बाबतीत फार उपकारक आहे. शहाबादी किंवा मोझॅकच्या फरशीवर अनवाणी वावरणाऱ्याच्या अंगातील प्रभार बहुधा साचण्यापूर्वीच निघून जातो. घरात रबरी किंवा फोमच्या सपाता वापरण्याची सवय लागली की ही वाट बंद होते.

*कपडे मऊ करणारे द्रव.* शेवटच्या पाण्यात घालण्याच्या या द्रवात धन प्रभार असलेले साबणासारखे रेणू असतात. ते धाग्यावर पातळ थर धरतात; त्यामुळे घर्षण घटते आणि हवेतील ओलावा धरला जातो. म्हणून पॉलिस्टरचे कपडे, खुर्चीची खोळ, गालिचा, पडदे यांच्यावर त्याचा खरोखर उपयोग होतो. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे एवढे प्रमाण पुरे. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून पाहावे, मग हलका फवारा मारून पूर्ण वाळू द्यावे. काही दिवसांनी परिणाम ओसरतो, तेव्हा पुन्हा करावे. फरशीवर हे द्रव कधीही शिंपडू नये; ती निसरडी होते आणि घरातील वृद्धांचे हाड मोडण्याची वेळ येते. यंत्राच्या जवळ बाटली नेऊच नये. फवाऱ्याचे थेंब पंख्याच्या जाळीतून आत गेले तर ओली धूळ बोर्डावर बसते आणि स्थितिक विजेने झाले नसते तेवढे नुकसान होते. द्रव पदार्थाने झालेला बिघाड हमीपत्रात सामान्यतः धरला जात नाही, हेही लक्षात असावे.

जैन कुटुंबांनी याबाबत आणखी एक चौकशी करणे योग्य ठरेल. या द्रवांतील स्निग्ध अंश वनस्पतिजन्य तेलापासून काढता येतो तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही काढला जातो. हीच गोष्ट ग्लिसरिनची. वेष्टनावर स्पष्ट उल्लेख नसेल तर उत्पादकाला पत्र लिहून विचारता येते. चौकशीचे उत्तर मिळेपर्यंत पाणी आणि सूत हे दोन निर्दोष उपाय हाताशी आहेतच.

*साबणाचे पाणी.* लाकडी किंवा सनमायका लावलेले टेबल, प्लॅस्टिकचे मांडणे, प्लॅस्टिकच्या टोपल्या यांवरून भांड्यांच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घातलेल्या पाण्याचा घट्ट पिळलेला बोळा फिरविला तर तेथे काही काळ धूळ कमी बसते. संगणकाच्या पडद्यावर मात्र साबण नको आणि काचेसाठीचे अमोनियायुक्त द्रवही नको. पडद्यावरील लेप त्यांनी उडतो. यंत्र बंद करावे, पिन काढावी, साध्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसावे. पाणी फडक्यावर घ्यावे, पडद्यावर नव्हे.

*हाताला लावण्याचे मलम.* थंडीत त्वचा कोरडी पडते आणि चटका अधिक जाणवतो. हाताला मलम किंवा खोबरेल तेल लावल्याने त्वचा तडकत नाही, हा लाभ आहेच. पण तेलकट बोटांनी सुट्या बोर्डाला स्पर्श करू नये.

*अ‍ॅल्युमिनियमचा कागद.* हा धातू असल्यामुळे चोहोबाजूंनी गुंडाळला तर बाहेरच्या ठिणगीपासून आडोसा मिळतो हे खरे. परंतु ज्या बोर्डावर बटणासारखी बॅटरी बसविलेली असते त्याला हा कागद थेट लागला तर बॅटरीची दोन टोके जोडली जाऊन बिघाड होतो. म्हणून मूळ चंदेरी पिशवी जपून ठेवणे हेच उत्तम. तीही नसेल तर बोर्ड कोऱ्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. थर्मोकोल आणि साधी प्लॅस्टिकची पिशवी टाळावी.

*परदेशातील सुगंधी कागद.* मुले-नातवंडे अमेरिकेत असलेल्या घरांत कपडे वाळविण्याच्या यंत्रात घालायचे कागद येतात. त्यांवर मऊ करणाऱ्या द्रवाचाच मेणकट लेप असतो. कपड्यांवर आणि प्लॅस्टिकच्या आवरणांवर ते चालतील. पडद्यावर ते तेलकट डाग ठेवतात.

झाकण उघडण्यापूर्वी

दुरुस्ती घरीच करायची असेल तर क्रम असा असावा. यंत्र बंद करून भिंतीतील पिन पूर्ण काढावी. सुती कपडे घालून, अनवाणी, लाकडी टेबलाशी बसावे. झाकण काढल्यावर आतील कशालाही हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा, आणि काम चालू असताना अधूनमधून तो पुन्हा लावावा. यामुळे शरीर आणि पेटी एकाच पातळीवर येतात आणि त्यांच्यात ठिणगी पडण्याचे कारणच राहत नाही. सुटा भाग कडेने धरावा. आतील धूळ काढण्यास घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी प्रभार साचतो.

मनगटाचा पट्टा बाजारात मिळतो. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोधक बसविलेला असतो. प्रभार सावकाश जावा हे त्याचे एक काम. चुकून चालू तारेला स्पर्श झाला तर शरीरातून घातक प्रवाह वाहू नये हे दुसरे आणि अधिक मोलाचे काम. काही हौशी लोक हा पट्टा न घेता उघडी तार मनगटाला गुंडाळून तिचे दुसरे टोक भिंतीतील प्लगच्या वरच्या मोठ्या छिद्रात खोचतात. हे कधीही करू नये. त्या छिद्रामागे खरोखर भूसंपर्क आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि जोडणी चुकलेली असेल तर माणूस स्वतःला चालू विजेशी बांधून घेतो.

चटका आणि झिणझिणी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अंबडमधील एखाद्या दुकानात गल्ल्याशेजारी संगणकाची लोखंडी पेटी आहे असे समजू. तिला हात लागला की दुकानदाराला मुंग्या आल्यासारखे होते. घरातील जाणता मुलगा सांगतो, हिवाळ्याची स्थितिक वीज आहे, द्रव फवारले की जाईल. द्रव फवारले जाते. झिणझिणी थोडी कमी झाल्यासारखी वाटते, मग सर्वांना तिची सवय होते. या समजुतीत मोठा धोका दडलेला आहे.

स्थितिक विजेचा चटका एकदाच बसतो, क्षणात संपतो, आणि लगेच पुन्हा हात लावला तर काहीच जाणवत नाही, कारण साठा रिकामा झालेला असतो. उलट हात लावून ठेवला असता झिणझिणी चालूच राहत असेल, किंवा यंत्र बंद करून पिन काढताच ती नाहीशी होत असेल, तर ती स्थितिक वीज नव्हे. ती मीटरमधून आलेली वीज आहे. आणखी एक खूण म्हणजे ती जेठ-आषाढातही जाणवते. अनवाणी पाय किंवा ओली फरशी यांनी ती वाढते. स्थितिक विजेवर जो उपाय गुणकारी, तोच येथे अपाय करतो.

या झिणझिणीचे कारण बहुतेक वेळा भूसंपर्काचा अभाव हे असते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे लहान धारित्र असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह धातूच्या पेटीकडे येतो आणि तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा अशी योजना असते. तिसरी पिन तोडलेली असेल, दोन पिनांचा जोड वापरलेला असेल किंवा भिंतीमागे भूसंपर्काची तारच नसेल, तर तो प्रवाह माणसाची वाट पाहत पेटीवर थांबतो. तेवढा प्रवाह सहसा घातक नसतो. परंतु तो हे सांगत असतो की या यंत्राला संरक्षण नाही. उद्या आतील तारेचे आवरण झिजून पेटीला लागले तर २३० व्होल्टचा पूर्ण दाब त्याच पेटीवर येईल आणि तेव्हा सूचना मिळणार नाही. फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप आणि गिझर यांना हाच नियम लागू आहे. तेथे तर ओले हात आणि ओली जमीन कायमचीच.

म्हणून झिणझिणी जाणवताच यंत्राची पिन काढावी आणि परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलवावे. त्याच्याकडून चार गोष्टी तपासून घ्याव्यात. प्रत्येक प्लगच्या वरच्या छिद्रापर्यंत भूसंपर्काची तार पोहोचली आहे काय? कोणी न्यूट्रल आणि भूसंपर्क यांची तार प्लगमध्येच एकत्र जोडून ठेवलेली नाही ना? इमारतीच्या भूसंपर्काच्या खड्ड्याचा रोध यंत्राने मोजला आहे काय? आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच आहे काय? कोळसा आणि मीठ भरलेला जुन्या पद्धतीचा खड्डा कोरडा पडला की निकामी होतो. कोरड्या महिन्यांत त्यात पाणी घालणे हे इमारतीच्या व्यवस्थापनाचे काम आहे. गळतीरोधक स्विचवर चाचणीचे बटण असते. ते अधूनमधून दाबून वीज खरोखर तुटते याची खात्री करावी. भूसंपर्काविषयी भारतीय मानक ३०४३ ही संहिता आहे, तेव्हा तंत्रज्ञाकडून कामाचे प्रमाण मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

जेथे ठिणगी लहान राहत नाही

निरुपद्रवी ठिणगीही ज्वालाग्राही वाफेजवळ निरुपद्रवी राहत नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटण्यास एक सहस्रांश ज्यूलच्या चतुर्थांशाएवढी ऊर्जा पुरते. अंगावर साचलेली पाच सहस्रांश ज्यूल ऊर्जा तिच्या वीसपट आहे. यासाठीच पेट्रोलचा टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला भूसंपर्काची तार जोडली जाते. पूर्वी शस्त्रक्रियागृहात ईथरसारखी ज्वालाग्राही भूल वापरली जात असे, तेव्हा तेथील फरशी प्रभार वाहून नेणारी आणि कपडे सुती असावेत असा दंडक होता, तोही याच कारणाने. ज्यांच्या दुकानात रंग, थिनर, स्पिरिट किंवा रबराचा डिंक विकला जातो, त्यांनी सुटा माल एका प्लॅस्टिकच्या डब्यातून दुसऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओतण्याचे काम बंद जागेत आणि पॉलिस्टरचे कपडे घालून करू नये. धातूचा डबा, मोकळी हवा आणि सुती कपडे एवढी शिस्त तरी पाळावी.

ताळेबंद

या सर्व विवेचनाचा हिशेब थोडक्यात मांडता येतो. हिवाळ्यातील चटक्यावर ओलावा, सूत आणि अनवाणी पाय हे तीन उपाय बहुतेक घरांना पुरतात. कपडे मऊ करणारे द्रव हा चौथा उपाय. तो कपडा, खोळ आणि गालिचा यांच्यापुरता ठेवावा आणि यंत्रापासून दूर ठेवावा. झाकण उघडायचे असेल तेव्हा पेटीच्या धातूला आधी स्पर्श करावा. आणि झिणझिणी जाणवली तर बाटली उचलू नये, पिन काढावी.

दिवाळीत चोपडीपूजनाच्या निमित्ताने पेढी झाडून-पुसून लख्ख केली जाते आणि लाभपंचमीला नवे खाते उघडते. त्याच सुमारास कोरडी हवा सुरू होते. गेल्या वर्षाची उधारी, विम्याचे हप्ते आणि परवान्यांची मुदत यांची यादी करताना तिच्यात आणखी दोन ओळी लिहाव्यात : एक भूसंपर्काच्या तपासणीची आणि दुसरी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या जागी ठेवण्याची. पहिल्या ओळीला तंत्रज्ञाची एका दिवसाची मजुरी लागते आणि दुसरीला एका तासाहून कमी वेळ. या दोन्ही नोंदी वेळेवर झाल्या तर हिवाळ्यातली ठिणगी बोटावरच संपेल.